उत्प्रेरकी परिवर्तक, मोटारवाहनांचा

मोटारवाहनाच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे उत्प्रेरकाच्या, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक विक्रियेची गती वाढविणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने कमी अपायकारक वायूंत रूपांतर करणारे साधन. कारागीर त्याला ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ या मूळ नावानेच ओळखतात. हे साधन एंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान, निष्कास नळीत बसविलेले असते. त्यात हलणारा एकही भाग नसल्यामुळे ते सहसा आपोआप झिजत नाही; त्याचा नाश बहुधा एंजिनातील अन्य दोषांमुळे होतो. या एका गोष्टीवरच त्याच्या दुरुस्तीचा आणि तिला लागणाऱ्या खर्चाचा सर्व विचार आधारलेला आहे.

भारतात कायदा वाहनाची परीक्षा दोनदा घेतो. पहिली परीक्षा वाहनाचा नमुना बाजारात येण्यापूर्वी प्रयोगशाळेत होते. दुसरी ते रस्त्यावर आल्यानंतर ठराविक मुदतीने, प्रदूषण-तपासणी केंद्रात होते. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात या दोन्ही परीक्षा पाहावयास मिळतात. नमुन्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी एक राष्ट्रीय संस्था या शहरात आहे, आणि जुनी वाहने जपून वापरणारा मोठा ग्रामीण वर्गही या जिल्ह्यात आहे. दोन परीक्षांमधील अंतर किती व ते कशामुळे पडले, हे उत्प्रेरकी परिवर्तकाच्या इतिहासावरून समजते.

रचना व कार्य : परिवर्तकाच्या पोलादी कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक, सरळ छिद्रे असलेली मृत्तिकेची किंवा पातळ धातुपत्र्याची वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत थर दिलेला असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. एका परिवर्तकातील या धातूंचे एकूण वजन काही ग्रॅमच भरते. तथापि त्याच्या किमतीचा मोठा भाग त्यांचाच असतो.

पेट्रोल एंजिनाच्या निष्कासात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे हे तीन मुख्य दूषित घटक असतात. पहिल्या दोहोंचे ऑक्सिडीभवन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होते, तर तिसऱ्याचे क्षपण होऊन नायट्रोजन वायू मोकळा होतो. या तिन्ही विक्रिया एकाच वेळी घडविणाऱ्या उत्प्रेरकाला त्रिमार्गी उत्प्रेरक म्हणतात. त्याचे कार्य दोन अटींवर अवलंबून असते. पहिली अट तापमानाची आहे : वीट सु. २५०° ते ३००° से. पर्यंत तापल्याशिवाय विक्रिया परिणामकारक होत नाहीत. दुसरी अट मिश्रणाची आहे : वजनाने १ भाग पेट्रोलला सु. १४·७ भाग हवा या प्रमाणाच्या अगदी जवळपास मिश्रण राहिले, तरच तिन्ही विक्रिया साधतात. प्रत्यक्ष हवा व आवश्यक हवा यांच्या गुणोत्तरास लॅम्डा म्हणतात. आदर्श मिश्रणात त्याचे मूल्य १ असते. हे मूल्य राखण्यासाठी निष्कास नळीत ऑक्सिजनाचे प्रमाण ओळखणारा संवेदक बसवितात व त्याच्या संकेतानुसार इंधनाचा पुरवठा क्षणोक्षणी कमीजास्त केला जातो. [→ अंतर्ज्वलन-एंजिन].

इतिहास : अमेरिकेतील लॉस अँजेल्स शहरावर १९४० नंतरच्या दशकात दाट धूरके पसरू लागले. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास असे दाखवून दिले की, हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धूरके बनते. खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनाची पद्धत शोधणारे फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी त्यानंतर मोटारीसाठी परिवर्तक तयार केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले. परंतु त्या काळी पेट्रोलमध्ये एंजिनाची ठोठ टाळण्यासाठी टेट्राएथिल लेड मिसळीत असत. त्यातील शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठावर बसून तो निकामी करीत असल्यामुळे या शोधाचा व्यवहारात उपयोग होऊ शकला नाही.

अमेरिकेने १९७० मध्ये हवाशुद्धीचा कडक कायदा केला. त्याची पूर्तता करण्यासाठी १९७५ च्या नमुन्याच्या बहुसंख्य मोटारींना परिवर्तक बसविण्यात आले व त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. याच दशकात एंगलहार्ड कंपनीतील जॉन मूनी व कार्ल कीथ यांनी त्रिमार्गी उत्प्रेरक विकसित केला. ऑक्सिजन संवेदकाची जोड मिळाल्यावर, १९७६ च्या सुमारास, स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने तो कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मोटारींत प्रथम वापरला. इंधन, संवेदक व उत्प्रेरक या तिघांचा मेळ बसल्यावरच हे साधन यशस्वी झाले, हा या इतिहासाचा सारांश होय.

भारतातील कायदे व प्रमाणे : १९३९ च्या मोटारवाहन कायद्यात धूर, वाफ, ठिणग्या इत्यादींविषयी नियम करण्याचे अधिकार प्रांतिक शासनांकडे होते. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याने वाहनांच्या उत्सर्जनाची दखल घेतली. मोटारवाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला व त्याखालील केंद्रीय मोटारवाहन नियमांतील ११५ व्या नियमाने देशभर लागू होणाऱ्या संख्यात्मक मर्यादा प्रथमच घातल्या. एंजिन मंदगतीने चालू असताना निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड चारचाकी पेट्रोल वाहनात ३ टक्के व दुचाकी-तिचाकी वाहनांत ४·५ टक्के यांहून अधिक असू नये, असे ठरले.

नव्या पेट्रोल वाहनांसाठी दर किलोमीटरला किती ग्रॅम दूषित द्रव्य बाहेर पडते यावर आधारलेली प्रमाणे १९९१ पासून लागू झाली. मोटारींच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा, वाहनाच्या वजनानुसार, १४·३ ते २७·१ ग्रॅम होती. ती १९९६ मध्ये ८·६८ ते १२·४ ग्रॅम व २००० मध्ये २·७२ ग्रॅम झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा-६ या प्रमाणानुसार ती १ ग्रॅम असून नायट्रोजन ऑक्साइडांसाठी ०·०६ ग्रॅम अशी स्वतंत्र मर्यादा आहे. एका पिढीच्या अवधीत झालेली ही घट परिवर्तकाशिवाय शक्य नव्हती.

एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या ओघात शिसेविरहित पेट्रोलच्या प्रश्नाला गती मिळाली. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला व तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. ते १९९८ मध्ये राज्यांच्या राजधान्या व इतर मोठ्या शहरांपर्यंत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पोहोचले. मधली पाच वर्षे संक्रमणाची होती. मुंबईत नोंदलेली परिवर्तकयुक्त मोटार घेऊन शिर्डीसारख्या ठिकाणी जाणाऱ्या कुटुंबाला वाटेत टाकीत कोणते पेट्रोल भरले जाते याची काळजी घेणे भाग होते. शिसेयुक्त पेट्रोलच्या मोजक्याच टाक्या परिवर्तक मारून टाकण्यास पुरेशा असतात. शिवाय या काळातील काही मोटारींत परिवर्तक असला, तरी इंधनपुरवठा कार्ब्युरेटरनेच होत असे. मिश्रण सतत दुरुस्त करणारा संवेदक नसल्यामुळे अशा परिवर्तकाचे आयुष्य कार्ब्युरेटर किती नीट लावला आहे यावर ठरे.

अहमदनगर व वाहन-चाचणी : अहमदनगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा आहे. रावळपिंडीजवळील चकलाला येथे १९२९ मध्ये लष्करी वाहनांच्या तपासणीसाठी स्थापन झालेल्या कार्यालयात हिचे मूळ असून फाळणीनंतर ते अहमदनगरला हलविण्यात आले. शहराच्या ज्या भागात ही संस्था आहे, त्यास वाहननगर असेच नाव पडले आहे. रणगाड्यांविषयीचे मुख्य संशोधन पुढे तमिळनाडूतील आवडी येथील संस्थेकडे गेले. चाकांची व हलकी पट्टायुक्त वाहने हे येथील कार्यक्षेत्र राहिले.

केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार वाहनाचा प्रत्येक नवा नमुना शासनमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांत वाहननगरच्या आस्थापनेचे नाव पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था इत्यादींबरोबर नमूद आहे. नमुन्याच्या उत्सर्जन-चाचणीत वाहन फिरत्या रुळांवर उभे करून ठराविक वेळापत्रकानुसार चालवितात, सर्व निष्कास गोळा करतात व प्रत्येक घटकाचे वजन काढतात. ही चाचणी खर्चाची व वेळखाऊ असल्यामुळे ती प्रत्येक जुन्या वाहनावर करणे अशक्य आहे.

निष्कासाच्या प्रश्नाशी या जिल्ह्याचा आणखी दोन प्रकारे संबंध येतो. कायनेटिक एंजिनियरिंग कंपनीच्या येथील कारखान्यात तयार होणारी व १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘लुना’ ही ५० घ. सेंमी. क्षमतेच्या द्विधाव एंजिनाची मोपेड खेडोपाडी पोहोचली. द्विधाव एंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो व पेट्रोलमध्ये वंगण तेल मिसळलेले असते. त्यामुळे निष्कासात हायड्रोकार्बनांचे प्रमाण मोठे असते. २००० नंतरच्या कडक प्रमाणांची पूर्तता करताना द्विधाव दुचाकींनाही परिवर्तकाचा आधार घ्यावा लागला आणि हळूहळू त्यांची जागा चतुर्धाव एंजिनांनी घेतली.

दुसरा संबंध उसाशी आहे. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंतच्या साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळीपासून अल्कोहॉल बनविण्याचा उद्योग जुना आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक उपक्रम २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाला, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मनमाड यांचा समावेश होता. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला कमी हवा लागते. संवेदक असलेले एंजिन हा फरक बऱ्याच अंशी स्वतः भरून काढते. कार्ब्युरेटरला ते जमत नाही व मिश्रण विरळ होते. अशा वाहनात कार्बन मोनॉक्साइड घटतो. परंतु मिश्रण फार विरळ झाल्यास ठिणगी चुकून हायड्रोकार्बने वाढतात. जुन्या वाहनाची तपासणी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

रस्त्यावरील तपासणी : नोंदणीनंतर एक वर्ष उलटल्यावर प्रत्येक वाहनापाशी ‘प्रदूषण नियंत्रणात आहे’ असे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे, ‘पीयूसी’ या आद्याक्षरांनीच ते सर्वत्र परिचित आहे. त्याची मुदत सहा महिने असून भारत टप्पा-४ व त्यानंतरच्या वाहनांसाठी एक वर्ष आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणविषयक नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

१ ऑक्टोबर २००४ पासून मंदगतीच्या मर्यादा वाहनाच्या पिढीनुसार निरनिराळ्या करण्यात आल्या. भारत टप्पा-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल वाहनांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बने दशलक्ष भागांत १,५०० भाग इतकी मुभा राहिली. टप्पा-२ व त्यापुढील वाहनांसाठी त्या ०·५ टक्के व ७५० भाग झाल्या. पुढे टप्पा-४ च्या वाहनांसाठी ०·३ टक्के व २०० भाग अशा मर्यादा आल्या. त्यांच्या बाबतीत एंजिन मिनिटाला सु. २,५०० फेऱ्यांवर चालवूनही तपासणी होते. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड ०·२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा व लॅम्डा ०·९७ ते १·०३ यांच्या दरम्यान असावा लागतो.

२०२१ मध्ये देशभर एकच नमुन्याचे प्रमाणपत्र ठरविण्यात आले, तेव्हा नापास वाहनाच्या मालकाला मोजमाप दर्शविणारे नकारपत्रही देण्याची तरतूद झाली. वरवर अप्रिय वाटणारा हा कागद दुरुस्तीच्या दृष्टीने फार उपयोगी आहे. कारण त्यातील आकडे दोष कोठे आहे याची दिशा दाखवितात.

बिघाडाची कारणे : परिवर्तक चार प्रकारांनी निकामी होतो. (१) विषबाधा : शिसे, वंगण तेलातील फॉस्फरस व जस्त, सिलिकॉनयुक्त लेप यांचे थर उत्प्रेरकावर बसतात. वंगण तेल जाळणारे जुने एंजिन त्याला असेच हळूहळू मारते. (२) अतितापन : ठिणगी चुकली, की न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तेथे जळते, तापमान १,०००° से. च्या वर गेल्यास धातूंचे सूक्ष्म कण एकत्र येऊन क्रियाशील पृष्ठ घटते व प्रसंगी वीटच वितळते. (३) यांत्रिक इजा : दगडाचा मार बसून किंवा तापलेले कवच एकदम पाण्यात बुडून वीट तडकते आणि आत खुळखुळू लागते. (४) तुंबणे : काजळीने किंवा वितळलेल्या भागाने छिद्रे बंद होऊन एंजिनाची ताकद कमी होते. यांपैकी पहिली दोन कारणे एंजिनात उगम पावतात. ती दूर न करता बसविलेला नवा परिवर्तकही त्याच मार्गाने जातो.

कमी खर्चाची दुरुस्ती : वाहन तपासणीत नापास झाले म्हणजे परिवर्तकच बदलावा लागेल, असा समज सर्वत्र आढळतो. हा भाग महाग असल्यामुळे मालक एकतर दुरुस्ती टाळतो किंवा अनुचित मार्ग शोधतो. वस्तुतः तपासणी परिवर्तकाची नसून संपूर्ण ज्वलनाची असते. म्हणून दुरुस्तीचा क्रम स्वस्त भागांपासून महाग भागाकडे असावा.

नकारपत्रात कार्बन मोनॉक्साइड जास्त व लॅम्डा १ पेक्षा कमी असल्यास मिश्रण समृद्ध आहे. हवेची गाळणी तुंबणे, इंधन-पिचकारी गळणे, तापमापक किंवा ऑक्सिजन संवेदक बिघडणे, तसेच जुन्या वाहनात कार्ब्युरेटरची मंदगती-मात्रा जास्त असणे ही त्याची नेहमीची कारणे होत. हायड्रोकार्बने जास्त व कार्बन मोनॉक्साइड माफक असल्यास ठिणगी चुकत आहे. प्लग, त्यांच्या तारा, झडपांची फट व दाब तपासावा. लॅम्डा १·०३ च्या वर असल्यास निष्कास नळीच्या जोडातून किंवा एंजिनाच्या हवामार्गातून बाहेरची हवा शिरत असण्याचा संभव असतो. गॅस्केट बदलून किंवा नळीला सांधा मारून हा दोष थोड्या खर्चात जातो. लॅम्डा योग्य, ठिणगी व्यवस्थित, एंजिन व परिवर्तक पुरेसे तापलेले, आणि तरीही दोन्ही वायू जास्त असतील, तेव्हाच संशय परिवर्तकावर घ्यावा. २०१० व २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने आलेल्या स्वयंनिदान यंत्रणेमुळे त्यानंतरच्या मोटारींत याची खातरजमा करणे सोपे झाले आहे. परिवर्तकापुढील व मागील संवेदकांच्या संकेतांची तुलना करून ती यंत्रणा त्याची क्षमता अजमावते.

तपासणीपूर्वी वाहन काही किलोमीटर चालवून नेणे हा उपाय बिनखर्चाचा व पूर्णपणे उचित आहे. थंड परिवर्तक निर्दोष असूनही काम करीत नाही. समृद्ध मिश्रणाने बसलेली काजळी, मूळ दोष दूर केल्यावर, मोकळ्या रस्त्यावर सलग चालविल्याने जळून जाऊ शकते. कवचाचा जोड, बाहेरील उष्णतारोधक पत्रा व लवचिक नळी यांची डागडुजीही करता येते. मात्र शिसे किंवा फॉस्फरस यांनी मेलेला, अतितापनाने निस्तेज झालेला किंवा वितळलेला परिवर्तक टाकीत टाकावयाच्या औषधांनी अथवा धुण्याने पुन्हा जिवंत होत नाही. तेथे तो बदलणे हाच उपाय असून त्याच नमुन्याच्या वाहनासाठी योग्य असा भाग निवडावा लागतो.

गैरप्रकार व तपासणीच्या मर्यादा : परिवर्तकाची वीट काढून कवच रिकामे करणे हा काही ठिकाणी आढळणारा प्रकार बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात मालकाचे नुकसानही आहे, काढलेल्या विटेतील मौल्यवान धातूंची किंमत बहुधा त्याच्या हाती पडत नाही. असे वाहन टप्पा-४ च्या मर्यादेत बसविणे कठीण असते. परंतु जुन्या वाहनाचे मिश्रण मंदगतीपुरते विरळ करून ते तपासणीत उतरविता येते; आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी ग्रॅमच्या शतांशापर्यंत मर्यादा घालणारा कायदा रस्त्यावर त्यांच्याकडे पाहत नाही, हे या व्यवस्थेतील मोठे अंतर आहे.

हे अंतर यंत्रांनी पूर्णपणे भरून निघणारे नाही. वाहननगरसारख्या ठिकाणी मिळालेले प्रमाणपत्र नव्या नमुन्याच्या क्षमतेची ग्वाही देते. ती क्षमता दहा-पंधरा वर्षे टिकविणे गाळणी वेळेवर बदलणारा मालक व नकारपत्रातील आकडे वाचणारा कारागीर यांच्यावर अवलंबून राहते. चौकात उभे असलेले वाहतूक पोलीस, रस्त्याकडेचे विक्रेते व शाळेत जाणारी मुले यांच्या श्वासात जाणारी हवा प्रमाणपत्राने नव्हे, तर या दोघांच्या कामाने बदलते. त्या कामाचा मोठा भाग स्वस्त आहे, ही गोष्ट वाहनमालकांना जितकी ठाऊक होईल, तितकी परिवर्तक काढून टाकण्याची प्रवृत्ती कमी होईल.